सोयरातली पूजा

आमच्या आंजी गावातल्या घरी सोयर कडक. मूल जन्मलं की दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, दिवा नाही, जप नाही. आणि मला नेमका तेव्हाच देव हवा होता. सुनेला सातव्या महिन्यातच जुळ्या मुली झाल्या, ओंजळीत मावतील एवढ्या. थोरली दुसऱ्या दिवशी गेली. सोयरात सुतक पडलं. मुलगा तिला मातीत देऊन आला आणि दवाखान्याच्या भिंतीला पाठ लावून बसला. सुनेचं बीपी उतरत नव्हतं, ती वरच्या मजल्यावर आयसीयूत. धाकटीही जगेलच असं नाही, जगली तरी डोळ्यांचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मी जिभेची तिखट. मनातल्या मनात देवाशी भांडले. जन्मभर तुझी भांडी घासली, अन् आता तुझ्यापुढे उभीही राहू नको म्हणतोस? असा कसा रे तू?

धाकटी जरा सावरल्यावर सिस्टर म्हणाली, "आजी, आई वर हाये, तं तुमीच घ्या छातीशी. अंगाच्या उबेनं लेकरू तगते." गाऊन घालून खुर्चीत बसले. उघड्या छातीवर ती ठेवली. ओल्या रुमालाएवढं वजन. तिचा श्वास माझ्या कातडीला लागत होता, मी त्याच्याकडेच ध्यान लावून बसले.

आणि तो थांबला. मशीन ओरडू लागलं. सिस्टर पलीकडच्या बाळावर वाकलेली. मी तिला आणखीच छातीशी दाबलं. तेवढ्यात बाजूला उभी असलेली एक बाई धावली. तिनं पोरीच्या तळपायाला टिचकी मारली, पुन्हा मारली. "आवो माय, पाय चोळा! निजू नका देऊ तिले!" पोरीनं आचका देऊन श्वास घेतला. सिस्टर धावत येईपर्यंत ती गुलाबी झाली होती.

बाई गिरडची होती. तिचा मुलगा शेजारच्याच काचेच्या पेटीत होता, सकाळीच गेला होता. "त्याले असंच जागं करत होती मी," ती म्हणाली.

"तुले कोणी पाठवलं वं माय?" मला रडू आवरेना.

"कोण पाठवते? त्याचा शेला राह्यला होता, तो न्याले आल्ती." तिनं हातातल्या शेल्याकडे पाहिलं. मग तोच माझ्या पाठीमागून घेऊन पोरीभोवती घट्ट बांधला. "राहू द्या हिलेच. सोडजा नोका." आणि ती गेली. नावही विचारायचं राहिलं.

सोयर कधी फिटलं ते मला कळलंच नाही. सून वाचली. नात उशिरा चालायला लागली, एका डोळ्यानं तिला जवळजवळ दिसत नाही. हिला ठेवलं आणि थोरलीला, त्या बाईच्या लेकाला का नेलं, हे मी देवाला विचारणं सोडलं. उत्तर मिळालं असतं तरी मला सोसलं नसतं. त्यानं दिलं तेवढं पदरात घेतलं, कृतज्ञ आहे.

सकाळी आंघोळ करून देव्हाऱ्यापुढे येते. पण आधी निजलेल्या नातीच्या तळपायाला हात लावते. तिनं पाय ओढून घेतला की मग दिवा लावते.