एका एंजलसाठी भूम ते तामलवाडी

वहिनी गेल्यापासून माझा मोठा भाऊ हॉलमधल्या फिश टँकसमोर बसून असायचा. टँक वहिनीचा. तिनं आणलेले मासे उन्हाळ्यात एकेक करून गेले. उरला फक्त तळहाताएवढा चंदेरी एंजल. एके दिवशी जेवताना दादा अचानक म्हणाला, "एकटा पडलाय गं त्यो." कित्येक आठवड्यांत त्यानं आपणहून काढलेलं हे पहिलंच वाक्य. हातातला घास तसाच राहिला माझा. ठरलं, सोबती आणायचे.

भूममध्ये मासे मिळतात, पण खायचे. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की तुळजापूरच्या पुढं, तामलवाडीत एक शेतकरी शेडमध्ये शोभेचे मासे वाढवतो. सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं गाडी भरलेली. पायाशी खव्याचे डबे, खिडकीबाहेर करपलेली रानं. येरमाळ्यापर्यंत हाडं खिळखिळी होतात, पुढं रस्ता बरा आहे. धाराशिवला गाडी बदलली, तुळजापूरला पुन्हा. तिथून सोलापूरकडं जाणारी कुठलीही गाडी तामलवाडीला सोडते.

वाटेत डोक्यात एकच विचार, कुठले मासे? निऑन टेट्रा दिसायला गोड, पण एंजलच्या तोंडात मावतात, म्हणजे तो गिळणारच. शिवाय आमचं बोअरचं पाणी जड, त्यांना मानवत नाही. थव्यानं राहणारे, शांत स्वभावाचे आणि अंगानं जरा भरलेले मासे हवेत.

शेडमध्ये सिमेंटच्या हौदांवर हिरवी जाळी. शेतकरी काका आधी टायगर बार्बकडंच घेऊन गेले.

"हे न्या ताई. लई पळत्यात, घर भरल्यावानी वाटतं."

"घरी एंजल हाय काका. त्याचे लांब पंख कुरतडतील हे."

"व्हय, ते बी खरंच." त्यांनी दुसऱ्या हौदावरची जाळी उचलली. "मग चेरी बार्ब न्या. गरीब हायत. पर जोडी न्हाय द्यायचो मी. दोनच असले की भिऊन कोपऱ्यात बसत्यात. आठ-दहा तरी पायजेत."

मी दहा घेतले. लाल नर थोडे, मातकट माद्या जास्त. नर जास्त झाले तर माद्यांच्या मागं लागून त्यांना हैराण करतात. काकांचं पाणीही बोअरचंच, म्हणून जीवाला घोर नव्हता. पिशवीत थोडं पाणी, बाकी ऑक्सिजन, वरून वर्तमानपत्र, आणि सगळं थर्माकोलच्या डब्यात. डबा मांडीवरच ठेवला, गाडीच्या तळाला इंजिनचा ताव लागतो.

तुळजापूरच्या स्टँडवरून दादाला फोन केला. एरवी तो उचलत नाही. त्या दिवशी लगेच उचलला.

"आणले का?"

"आणले."

"म्या बी एक काम केलंय. ये लवकर."

स्टँडवर पोहे खाताना माझे डोळे भरून आले. शेजारच्या बाईनं विचारलं, तिखट लागलं का? मी हो म्हणाले.

दिवेलागणीला घरी पोचले. दादा दारातच उभा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. हाताला धरून त्यानं मला आत नेलं. टँक आरशासारखा चकचकत होता. जुनं पाणी सगळं काढलेलं, काच घासलेली, दगड, फिल्टरचा स्पंज धुतलेले. आणि एंजल तळाशी आडवा.

"झोपलाय का गं त्यो?"

घरभर ब्लिचिंग पावडरचा वास होता. दुपारी पाण्याचा टँकर आला होता, दादानं तेच पाणी टँकमध्ये भरलेलं.

"म्हातारा झाला होता, दादा," मी म्हणाले.

"खोटं बोलू नगंस." तो खाली बसला. "वास मला बी आला हुता. वाटलं, स्वच्छ हाय म्हणून येतोय."

चेरी बार्ब मी बाथरूममध्ये साठवलेल्या बोअरच्या पाण्याच्या टबात सोडले. आधी पिशवी तशीच तरंगत ठेवली, मग हळूहळू टबातलं पाणी मिसळलं. दहाही जगले. दादानं एंजल ओंजळीत घेतला आणि बराच वेळ तसाच बसला. जेवायला उठला नाही.

तुम्ही जाणार असाल तर सांगते, तामलवाडीचे मासे चांगले आहेत, सकाळी लवकर निघा. टँकचं पाणी एकदम कधी बदलू नका. टँकरच्या पाण्यातलं क्लोरीन उडून गेल्याशिवाय ते त्यात ओतू नका. आणि जाताना घरच्यांना बजावून जा, टँकला हात लावू नका. मला ते सुचलंच नाही. दादा खुर्चीतून उठेल असं वाटलंच नव्हतं.

टँकचं पाणी माशांना मानवेल असं मुरायला बरेच आठवडे गेले. आता मासे त्यात आहेत. मी जवळ गेले की सगळे मिळून एकदम वळतात. संध्याकाळी नर लालभडक दिसतात. दादा मागच्या खोलीत असतो, भिंतीकडं तोंड करून. मी हाक मारते, "दादा, बघ की, कसले रंगलेत."

आतून "हं" येतं. खुर्ची सरकल्याचा आवाज मात्र येत नाही.