मिठागराच्या दालनातला आवाज

सना दालनाच्या मधोमध खाली बसली होती. दोन्ही कानांवर हात, डोळे घट्ट मिटलेले. स्पीकरमधून खाडीचं पाणी धबाधबा मिठागरात शिरत होतं.

"बंद करा ना ते!" तिची आई नसरीनआपा ओरडल्या. इलेक्ट्रिशियन मेन स्विचकडे धावला.

तो आवाज मी बसवला होता. मी एक्झिबिशन डिझायनर आहे. म्युझियममध्ये काय कुठे ठेवायचं, प्रकाश कसा पाडायचा, लोक कुठून कसे फिरतील, हे ठरवणं माझं काम. पनवेलमधल्या एका ट्रस्टचं हे छोटं म्युझियम. विषय इथली मिठागरं आणि त्यात राबलेली माणसं. दालनाच्या दारात मोशन सेन्सर होता. माणूस आत आला की यंत्राला हालचाल कळते आणि आवाज आपोआप सुरू होतो. तो रेकॉर्ड करायला मी जासईकडे दोन दिवस चिखलात उभी राहिले होते. मला त्याचा अभिमान होता.

उद्घाटनाला चार दिवस होते. व्हीलचेअरसाठी रॅम्प झाला होता, अंध माणसांना हात लावून बघता येतील अशी मॉडेल्स झाली होती. ट्रायलसाठी काही कुटुंबांना बोलावलं होतं. सना सव्वीस वर्षांची, ऑटिस्टिक. बोलते फार कमी, फोनवर टाइप करते.

थोड्या वेळाने ती उठून व्हरांड्यात बसली. आपांनी पर्स खांद्याला लावली.

"सॉरी आपा. आवाज कमी करते मी."

"राहू द्या मॅडम. आम्हाला आदत आहे. मॉल, शादीचा हॉल, सगळीकडून असंच परत जातो. लोकांना वाटतं, एवढी मोठी मुलगी नखरे करते. आता नाही आणणार तिला कुठे."

मग माझ्या लक्षात आलं, मी आपांशीच बोलतेय. जिला त्रास झाला ती शेजारीच बसली होती.

"सना, आवाज फार मोठा होता का?"

तिने फोन काढला आणि सावकाश टाइप करू लागली. मी वाट बघितली. मला ते जड गेलं. शेवटी तिने फोन माझ्याकडे वळवला.

'मोठा नाही. कधी येणार ते माहीत नव्हतं.'

मी आवाज निम्म्यावर आणून मोकळी झाले असते. आणि ती पुन्हा तशीच दचकली असती.

ट्रस्टचे अध्यक्ष दामूशेठ ऑफिसात पाहुण्यांची यादी बघत होते. त्यांच्या घरची मिठागरं होती. आता तिथे कंटेनर उभे असतात. मी त्यांना सनाचं सांगितलं आणि सेन्सर काढू का विचारलं.

"सेन्सर नाय काढायचा, मॅडम. माणूस आत गेला का पानी आला पायजे."

"पाणी राहील. सेन्सरच्या जागी बटण लावते. ज्याला ऐकायचंय तो दाबेल."

"आनि कोनी नाय दाबला तं?"

"तर नाही ऐकणार."

"तुमी दोन दिवस चिखलात उभ्या होत्या ना त्याच्यासाठी?"

हे वर्मी लागलं. मी म्हटलं, "हो."

"एका पोरीसाठी बदलायचा?"

"तिने सांगितलं, शेठ. बाकीचे न सांगता निघून जातात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "लावा. उद्घाटनाला मी दाबीन."

ताजा रंग खरवडून वायर नेली. व्हीलचेअरवरून हात पोचेल एवढ्या उंचीवर बटण लावलं. वर पाटी: 'दाबल्यावर वीस सेकंद पाण्याचा आवाज येईल.' शिवाय एक फोटोंची पुस्तिका केली. कुठल्या खोलीत काय दिसेल, काय ऐकू येईल, ते घरीच बघून येता यावं म्हणून. मजकूर मी लिहिला, सनाने तपासला. 'मंद प्रकाशातलं मनोहारी दालन' तिने खोडलं आणि लिहिलं, 'इथे अंधार आहे.' स्टोअररूम रिकामी करून शांत बसायची खोली केली. दर मंगळवारी सकाळी एक तास शांत वेळ ठेवायचं ठरलं.

उद्घाटनाला दामूशेठनी बटण दाबलं आणि आवाज संपेपर्यंत पाहुण्यांना बोलू दिलं नाही. शांत खोलीत मात्र दोन दिवसांत प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत लागली. ती मी हलवायला लावली. अजूनही अधूनमधून हलवायला लावावी लागते.

पहिल्या मंगळवारी सना आली. पाटी वाचली. बटणासमोर बराच वेळ उभी राहिली. दाबलं. वीस सेकंद ऐकलं, परत दाबलं. मग परत. मी मोजणं सोडून दिलं. आपा दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पर्स खाली बाकावर ठेवली आणि बसल्या.

जाताना सनाने फोन दाखवला. 'पाणी छान. वरच्या मजल्यावर वाचायला फार आहे. बोअर.'

वरचा मजकूर मी निम्मा केला. तेव्हापासून लोक तो वाचतात.

आता मी ट्रायल उद्घाटनाच्या आठवड्यात ठेवत नाही. ड्रॉइंग पेन्सिलने काढलेलं असतानाच लोकांना बोलावते. त्या वेळी चूक खोडरबराने निघते.