पटावरची मुलं

शेंद्र्यात कारखाने आले, तेव्हा आम्ही वावराच्या कडेला भाड्याच्या खोल्या बांधल्या. एका खोलीत हिंगोलीकडचं जोडपं राहायचं. दोघंही कंपनीत कामाला. त्यांची चार वर्षांची मुलगी दिवसा अंगणवाडीत असायची. तिथली सेविका म्हणजे माझी थोरली वहिनी.

गावातल्या बहुतेक मुलांची नावं त्या अंगणवाडीच्या पटावर होती. माझ्या मुलाचंही. मुलं मात्र सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी नर्सरीत जायची. दुपारी आम्ही डबा पाठवून खिचडी तेवढी आणायचो. सरकारचं आहे, सोडायचं कशाला? यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

अंगणवाडीच्या सरकारी तपासणीच्या आदल्या संध्याकाळी वहिनी घरी आली.

“भाऊजी, उद्या तुमच्या छोट्या साहेबाला पाठवा की. खिचडी तर रोज खातोय, एक दिवस तोंड बी दाखवू द्या.”

“गाडी चुकंल त्याची.”

“अन् पोरं दिसली नाय म्हणून अंगणवाडी बंद केली तर? ही रस्त्यापल्याडच्या अंगणवाडीत घालणारेत. तुमच्या भाडेकरणीच्या पोरीनं कुठं जायचं?”

पाठवला. सगळ्यांनीच पाठवली. सतरंजी भरून गेली. तपासणीच्या मॅडम दारात आल्या आणि मुलं एकदम उभी राहून सुरात ओरडली, “गुड मॉर्निंग, मॅम!” माझ्या मुलाचा आवाज सगळ्यांत मोठा. भाडेकऱ्यांची मुलगी तेवढी बसल्या जागी हात जोडून “नमस्कार ताई” म्हणाली. मॅडम आधी हसल्या. मग वहिनीकडे नुसत्या बघत राहिल्या.

थोड्याच दिवसांत अंगणवाडीला कुलूप लागलं, वहिनीला दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत पाठवलं. जालना रस्ता ओलांडून पल्याडच्या अंगणवाडीत पोरीला नेणारं कुणी नव्हतं. आईबाप कामावर गेले की खोलीला बाहेरून कडी. आमच्याकडे ठेवा म्हटलं, तर तिची आई ओशाळून नको म्हणाली.

मी पंचायत समितीत गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

“लहान मुलांसाठी सरकारचं धोरण चांगलंच आहे हो. पण बसवायला मुलं कुठंयत? तुमचा मुलगा कुठं जातो?”

मी सांगितलं.

“मग?” एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी त्या पोरीच्या आईनं विचारलं, “काय म्हणले साहेब, दादा?”

“बघतो म्हणले.” साहेब तसं काहीच म्हणाले नव्हते. पण तिच्या तोंडाकडे बघून मला दुसरं बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला गाडीपर्यंत सोडायला निघालो, तर ती पोरगी अंगणवाडीच्या पायरीवर बसलेली. तेल लावून वेण्या घातलेल्या, मांडीवर ताटली. आज उघडेल या आशेनं आई तिला बसवून कामाला गेली होती.

“काका, ताई कवा येनार?”

“येतील,” मी म्हणालो.

पिवळ्या गाडीनं हॉर्न दिला. मी मुलाला उचलून आत बसवलं.