करंगळी

निपाणीची शिवलीला बेळ्ळंदूरच्या एका स्टुडिओत अमेरिकन कार्टूनांची चित्रं काढायची. त्यातलं मांजर कड्यावरून पडे, पापडासारखं चपटं होई आणि अंग झटकून पळत सुटे. धाकटा भाऊ नागनाथ पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या छपरावरून पडून वारला, त्यानंतरही ती मांजरं उठवत राहिली.

मग जपानी ॲनिमेचं काम आलं. पुलावरून पडलेला एक तरुण काढायचा होता. टीमची प्रमुख पवित्राक्का म्हणाली, "यात पडलेला माणूस उठत नाही. वाऱ्यानं त्याचे केस हलतील, शर्ट हलेल. तो मात्र नाही."

शिवलीलानं मन लावून काढलं. पवित्राक्कानं दृश्य चालवून पाहिलं आणि मध्येच थांबवलं. "लीला, याचं बोट हलतंय."

करंगळी खरंच हळूहळू मिटत होती, नागनाथ झोपेत मिटायचा तशी. हे आपण कधी काढलं, ते शिवलीलाला आठवेना.

"मी करू का दुरुस्त?" अक्कानं हळूच विचारलं.

"नको. मीच करते."

एकेका चित्रातली करंगळी पुसून तिनं ती सरळ काढली. मग दृश्य पुन्हा लावलं. केस उडत होते, हात निपचित पडला होता. तरी तिची नजर पडद्यावरून हटेना. बोट हलेल म्हणून ती बघतच बसली.