बाईंचे रकाने

"मला शिकव, पण शिकवताना हसू नकोस," टायपिस्टबाई मला म्हणाल्या होत्या.

ऑफिसात माझं टेबल त्यांच्या शेजारी. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, तरी बाई कळा जुन्याच जोराने बडवत. साहेबांनी फर्मान काढलं, की महिन्याचा अहवाल यापुढे पडद्यावर, स्लाइड करून दाखवायचा. ज्याला जमणार नाही, त्याची बदली गावाबाहेरच्या गोदामात. बाईंचं घर ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. नवरा अंथरुणाला खिळलेला. दुपारच्या सुट्टीत धावत जाऊन त्याला भरवायचं, कूस बदलून द्यायची, हे करणारं दुसरं कोणी नव्हतं. गोदामातून दुपारी घरी येणं शक्यच नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबांनाही.

घरून परतल्या की सुट्टीच्या उरलेल्या वेळात त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढत. हात अजून ओले असायचे.

"इथे क्लिक करा. नवी स्लाइड."

"कशाला? ही अर्धी कोरी आहे अजून."

"बाई, एका स्लाइडवर चार-पाच ओळी पुरेत."

"उधळे आहात तुम्ही लोक."

मथळ्याला ॲनिमेशन लावून दाखवलं, तर अक्षरं एकेक करत उडत आली. बाई मागे सरकल्या. "अक्षरं आहेत की माश्या? बसव त्यांना खाली."

मी पटकन खिडकीबाहेर बघितलं.

"हसलास. पाठीवरून कळतं मला."

हळूहळू त्यांना चित्र टाकता आलं, स्लाइड मागेपुढे करता आल्या. अडलं ते एकाच जागी. आकडे त्या स्पेसबार दाबून, ओठांत मोजत, रकान्यात बसवायच्या.

"त्यापेक्षा टेबल टाका ना, आयत्या चौकटींचं. आकडे आपोआप जागेवर बसतात."

"आपोआप बसलेल्यावर माझा भरवसा नाही."

त्यांच्या स्क्रीनवर रकाने ओळंबा लावल्यासारखे सरळ होते.

अहवालाच्या दिवशी मीटिंगच्या खोलीतले दिवे मालवले. लॅपटॉप साहेबांचा होता. पहिल्या स्लाइड नीट गेल्या. बाईंचा आवाज कोरडा होता, पण अडखळला नाही. मग आकड्यांची स्लाइड आली. बाईंचा फॉन्ट त्या लॅपटॉपवर नव्हता. अक्षरं रुंद झाली होती आणि रकाने फुटले होते. विकलेल्या मालाचे आकडे परत आलेल्या मालाखाली जाऊन उभे होते.

"एवढा माल परत आला?" हिशेबखात्यातला एकजण म्हणाला. "मग विकलं काय आपण, रिकामी खोकी?"

खोली हसली.

"बाई, हे काय?" साहेब.

"थोडा वेळ द्या."

त्या लॅपटॉपवर वाकल्या. स्पेसबार वाजला. भिंतभर पडद्यावर एक आकडा तसूभर सरकला. पुन्हा वाजला, पुन्हा सरकला. हसणं विरलं. अंधारात आम्ही सगळे माना वर करून तो आकडा बघत राहिलो. तो जागेवर लागला, की बाई खालच्याला हात घालत. आवाज फक्त त्या एका कळेचा.

"टेबल, बाई," मी कुजबुजलो. "टेबल टाका."

त्यांनी वळून पाहिलं नाही.

शेवटचा आकडा जागेवर बसला, तेव्हा रकाने पुन्हा सरळ उभे होते. बाईंनी मनगटाने कपाळ पुसलं.

"छान," साहेब म्हणाले. त्यात टोमणा नसावा. "फक्त मागच्यांना दिसत नाही. जरा मोठं करू."

त्यांनी हात पुढे करून अक्षरं वाढवली. रकाने फुटले, आकडे एकमेकांच्या अंगावर कोसळत खालच्या ओळीत उतरले.

"अरेच्चा," साहेब म्हणाले. "आता परत जुळवणार?"

कोणी हसलं नाही. बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. दुपारची सुट्टी सुरू झाली होती. त्यांनी खुर्चीवरची पिशवी उचलली, आमच्या गुडघ्यांमधून वाट काढत दारापर्यंत गेल्या, आणि बाहेर पडल्या.