आबांचं दूध आणि माझा चेहरा

कोडोलीच्या स्टँडवर एसटी सुटता सुटता आबांनी खिडकीतून दुधाची किटली माझ्या मांडीवर ठेवली. नोकरीला कोल्हापूरला निघालेली मुलगी, सोबत एक बॅग, गादीची वळकटी आणि दोन लिटर म्हशीचं दूध. डोळे पुसायचे राहिले बाजूला, झाकण घट्ट धरण्यातच माझं गाव सुटलं. आबा एवढंच म्हणाले, "शहरातलं दूध पिऊ नगंस. काय मिसळत्यात देवाला ठावं."

संशय आमच्या रक्तातच आहे. डेअरीत फॅट मोजणारं यंत्र आकडा दाखवतं, तेव्हा आबा आधी यंत्राकडं बघतात, मग ते चालवणाऱ्याकडं, मग पुन्हा यंत्राकडं. शहरातलं दूध पिऊन लेक खंगेल, या भीतीनं त्यांनी रोजची सोय लावली. आमच्या गावचे सलीमचाचा पहाटे भाजीचा टेम्पो घेऊन कोल्हापूरला येतात. जाताना ते राजारामपुरीत माझ्या दारात किटली ठेवायचे आणि परतताना कालची रिकामी घेऊन जायचे.

गावात राहिलेल्यांनी माझा तेव्हाचा चेहरा पाहिलेला नाही, ते बरंच झालं. शाहूपुरीतल्या ऑफिसात लागून सहा महिने होतात न होतात तोच गालांवर, हनुवटीवर मोठमोठे दुखरे फोड आले. बांधावर कधी आरसा लागला नव्हता. इथं लिफ्टमध्येसुद्धा आरसा. मी नळाच्या पाण्यावर संशय घेतला, मग साबणावर, उशीवर, शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या नजरेवर. रूममेटनं मेडिकलमधून एक क्रीम आणून दिलं. चार दिवस चेहरा उजळला, मग असा पेटला की मी रूममेटवरही संशय घेतला.

शेवटी राजारामपुरीतल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. क्रीम बघून त्यांनी कपाळाला हात लावला. त्यात स्टिरॉइड होतं म्हणे. ते कसं थांबवायचं ते सांगितलं, एक औषध लिहून दिलं आणि मग पोलिसासारखी चौकशी सुरू केली. चहा किती? सहा कप, गोड. दुपारी काय खातेस? वडापाव, नाहीतर बेकरीतलं काहीतरी. झोपतेस कधी? मोबाइल हातातून पडेल तेव्हा. शेवटी त्यांनी विचारलं, दूध? मी अभिमानानं सांगितलं, घरचं, म्हशीचं, रोज.

"महिनाभर बंद करून बघ. सगळ्यांना त्रास होत नाही. तुला होतो का, ते बघू."

दूधवाल्याच्या पोरीला दूध बंद. ही बाई कुणाची तरी एजंट असणार, असं मला जिना उतरेपर्यंत वाटत होतं. पण चेहरा माझा होता. मी चहा दोनवर आणला, डबा स्वतः करू लागले, भाकरी, मुगाची आमटी, काकडी, पेरू. उशीचा अभ्रा दर दोन दिवसांनी धुतला, वेळेवर झोपले, फोडांना हात लावायची सवय मोडली. आणि दूध घरमालकीण शिंदेकाकूंच्या बासुंदीत जाऊ लागलं. आबांना मात्र सांगितलं नाही. ज्या माणसानं जन्मभर दुधावरच घर चालवलं, त्याला तुमच्या दुधानं फोड आले असतील असं कुठल्या तोंडानं सांगायचं? फोनवर ते विचारायचे, "दूध चांगलं हाय न्हवं?" मी म्हणायचे, एकदम झकास. ते म्हणायचे, "बरं." ते 'बरं' ऐकलं की मी घाईनं दुसरा विषय काढायचे.

हळूहळू चेहरा निवळला. कशानं, ते सांगता येत नाही. क्रीम सुटलं, साखर कमी झाली, झोप आली, सगळं एकदमच बदललं होतं. दुधाची पुराव्याअभावी सुटका झाली, एवढंच. पण महिना संपून तीन झाले तरी मी ते पुन्हा सुरू केलं नाही आणि खोटंही थांबवलं नाही.

दिवाळीला घरी गेले. संध्याकाळी आबा धार काढत होते, मी गोठ्याच्या दारात उभी होते. मागं वळूनही न बघता ते म्हणाले, "दूध तू पीत न्हाईस."

मला आधी सलीमचाचांचा संशय आला, मग काकूंचा. "कुणी सांगितलं?"

"किटलीनं. तू कवा धड घासून धाडलीस? झाकणाला साय तशीच असायची. आषाढापास्नं लख्ख येतीया, वर लिंबाच्या साबणाचा वास."

मी सगळं सांगितलं. चेहरा, क्रीम, डॉक्टरीणबाई, काकूंची बासुंदी, त्यांनीच घासलेली किटली. आबा ऐकत होते, धार थांबली नव्हती. मी विचारलं, मग कळल्यावरही चार महिने पाठवत का राहिलात?

"आज सांगंल, उद्या सांगंल, म्हणून."

यंत्राच्या आकड्यावर विश्वास न ठेवणारा हा माणूस. त्यानं चार महिने रोज पहाटे उठून माझ्यासाठी धार काढली, किटली भरली आणि वाट बघितली. मला इतकी लाज वाटली की म्हशीकडंही बघवेना.

आता किटली येत नाही. रोज संध्याकाळी मी फोन करते आणि खाल्लेलं सगळं सांगते. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की केकही सांगते. गावात माझी खोली आता चाऱ्याची झाली आहे, माझी कपडे ठेवायची पेटी आईनं कधीच दुसऱ्या कामाला लावली. तरी घर तेच आहे. बाकी जगात मी बिनदिक्कत थापा मारते, फक्त तिथं मारवत नाहीत. माझ्यासारखे गाव सोडून आलेले तुम्ही, घरून आलेलं काही परस्पर शेजारी देत असाल, तर आजच सांगून टाका. त्यांना बहुधा ठाऊक असतं. ते फक्त तुमच्या तोंडून ऐकायला थांबलेले असतात.