हँडब्रेकची हजेरी

माझी आत्या दारू प्यायची. घ्या, सांगून टाकलं. घरातले सगळे "तिची तब्येत बरी नसते" म्हणत तोंड लपवत फिरायचे, आणि मला असल्या लपवाछपवीचा भयंकर राग येतो. पडद्यांच्या कारखान्यात मशीनवर बसणारी बाई, हाताला सफाई अशी की बघत राहावं, पण दुपारनंतर टाके वाकडे. एकदा सुई बोटातून आरपार गेली, तेव्हा तिनं आपली आपणच दारू सोडली.

पण सोडलेली सुटलेली राहणं महाकठीण. त्यासाठी तिनं एक ऑनलाइन गट धरला. देशोदेशीचे, आपली भाषा बोलणारे बेवडे तिथे जमायचे. शब्द त्यांचाच आहे, माझ्यावर डोळे वटारू नका. खरं नाव कुणी सांगायचं नाही. आत्या झाली 'बॉबिन'. तिचा जोडीदार लांबच्या एका देशात बस चालवायचा, तो 'हँडब्रेक'. जोडीदार म्हणजे भलतंसलतं काही नाही हं. रोज कामावरून सुटल्यावर घसा मागायला लागतो, त्या वेळी 'हजर' एवढंच लिहायचं. नाही लिहिलं तर जोडीदारानं फोन करायचा. फक्त जोडीदारानंच. दहा जण मागे लागले की माणूस चिडून बाटलीच उघडतो, हा त्यांचा अनुभव.

त्याची संध्याकाळ म्हणजे आमची दुपार. चारच्या चहाला आत्या मोबाइल काढायची, त्याचं 'हजर' बघायची आणि "आला बाई माझा ड्रायव्हर ठिकाणावर" म्हणत कप उचलायची. तिची हजेरी तो झोपायच्या आधी बघायचा. दोनदा त्यानं फोन करून तिला दारूच्या दुकानाच्या दारातून परत फिरवलं होतं. सख्ख्या भावानं, म्हणजे माझ्या बापानं, एवढं कधी केलं नाही.

मग त्या साइटवाल्यांना नटण्याची हुक्की आली. एका रात्रीत रंग बदलले, अक्षरं बदलली, आणि प्रत्येकाला आपापल्या गावची वेळ दिसायची ती सोय त्या भानगडीत गेली. सगळ्यांना साइटचीच वेळ दिसू लागली. ते घड्याळही चुकीचं लावलेलं, आमच्या नेमकं बारा तास पुढे, आणि सकाळ की संध्याकाळ तेही लिहिलेलं नाही. कुणाच्या लक्षात येणार, कपाळ?

त्या रात्रीनंतरच्या पहिल्याच चहाला आत्यानं पाहिलं. हँडब्रेक, हजर, आजची तारीख, ४:०५. "आला," म्हणाली आणि मोबाइल पिशवीत टाकला. मी शेजारच्या मशीनवर असते, मी ऐकलं. पण ते 'हजर' कालचं होतं. कालची दुपार त्या घड्याळात आजची पहाट झाली होती. आज त्यानं काही लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तारीख पुढे सरकली नाही, तेव्हा तिनं फोनवर फोन केले. कुणी उचलला नाही. नंतर त्याच्या खात्यावरून त्याच्या मुलीनं लिहिलं. बाबा त्या संध्याकाळी खूप प्यायले, स्कूटर घेऊन निघाले, पुलाच्या कठड्यावर आदळले. जागच्या जागी गेले. खाली विचारलं होतं, "त्यांना फोन कुणी करायचा होता?"

गटातले लोक धावून आले. साइटची चूक, बॉबिनताई, तुमचा काय दोष! मीही तेच म्हटलं, वर साइटवाल्यांना चार शिव्या घातल्या. आत्यानं कुणाचं ऐकलं नाही. लिहिलं, "मी करायचा होता. केला नाही."

मुलीचं उत्तर आलं. "बाबा बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. मी जेवायला बोलावलं तर म्हणाले, थांब, एका बाईंचा फोन येणार आहे."

आत्यानं ते वाचलं आणि मशीन सुरू केलं.

"आत्या, अगं रड तरी!"

"कापड पांढरं आहे. डाग पडेल."

पडदा पुरा करून ती घरी गेली. त्या संध्याकाळी तिनं 'हजर' लिहिलं नाही. गटातल्या शंभर जणांपैकी कुणीच फोन केला नाही, कारण नियम म्हणजे नियम, आणि तिचा जोडीदार मेला होता.

सकाळी ती कामाला आली नाही म्हणून मी गेले. दार उघडंच. पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती, खोलीभर तो जुना वास.

"दुकानाच्या दारात किती वेळ थांबले गं मी," ती म्हणाली.